बॉयलरचं औषध

पाइपातला क्षार काढणं हा माझा धंदा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जो गाढवपणा केला तो कुठल्या शहाणपणातून आला हे कळायला सोपं जाईल. एखाद्या मास्तरानं असली चूक केली असती तर मी त्याला हसलो असतो. मी केली ती पस्तीस वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर केली, आणि तिच्यापायी माझ्या थोरल्या बहिणीचा जीव जाता जाता राहिला.

बंगळूरचं बोअरचं पाणी ज्यानं एकदा पातेल्यात उकळलंय त्याला क्षार म्हणजे काय हे सांगायला नको. पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच बॉयलरच्या नळ्यांत बसतो. फक्त तिथे तो बोटभर जाड होतो आणि मालक रडकुंडीला येतो. मग पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या माझ्या शेडला फोन येतो. मी आणि माझी दोन माणसं व्हॅनमध्ये पिंपं आणि पंप टाकून जातो, नळ्यांतून रसायन फिरवतो, क्षार विरघळतो, आणि मालक पुन्हा माणसासारखा बोलायला लागतो. साध्या कामाला ॲसिड. नळ्या नाजूक असल्या की ईडीटीए नावाची पांढरी पावडर. ॲसिड आडदांड आहे, जे समोर येईल ते खातं. ही पावडर मात्र गुणी. पाण्यात घातली की कॅल्शियमचा हात धरते आणि गुपचूप बाहेर घेऊन जाते. बायको म्हणायची, त्या पावडरीबद्दल तुम्ही जेवढं गोड बोलता तेवढं माझ्याबद्दल कधी बोलला नाहीत. आमच्या घरचा गीझर मात्र आतून क्षारानं भरलेला होता, आणि तो साफ करायला मला सवड नव्हती, हेही ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

शेडचा जिना चढताना माझी छाती आवळून यायला लागली तेव्हा मी बासष्टचा होतो. अँजिओग्राफी झाली. तीन जागी अडथळे निघाले. डॉक्टर म्हणाले बायपास करावी लागेल, आणि महिन्याच्या आत.

आता खरं सांगतो, मी घाबरलो. चांगलाच घाबरलो. छातीचं हाड करवतीनं कापतात हे ऐकल्यापासून हॅकसॉ हातात घेतला की मी तो परत खाली ठेवायचो. आयुष्यभर पाइप कापले, पण पाइपाला घरी जायचं नसतं. अर्थात हे मी कुणाला सांगितलं नाही. आधी होसकोट्याच्या एका कारखान्याचं काम आहे, मग भाचीचं लग्न आहे, मग ऑडिट आहे, अशी कारणं मी रांगेनं उभी केली. बायको नुसती बघत राहायची. तिची ती नजर मला माहीत आहे. ती बोलते तेव्हा परवडतं.

याच दिवसांत एका गिऱ्हाइकानं मला एक पत्रक दिलं. बिनऑपरेशन, बिनटाक्याचं, हृदयाच्या नळ्या आतून स्वच्छ. वर मधोमध कापलेल्या पाइपाचं चित्र, आत पांढरा थर. माझ्या स्वतःच्या पत्रकावर हेच चित्र आहे. आम्ही दोघांनी ते एकाच ठिकाणाहून उचललं असणार. मी त्याच आठवड्यात तिथे गेलो. दुसऱ्या मजल्यावर सेंटर, खाली चष्म्याचं दुकान. तिथल्या डॉक्टरांचा आवाज इतका मऊ होता की मला पुढे सरकून ऐकावं लागलं. त्यांनी समजावलं की एक औषध शिरेतून हळूहळू सोडतात, ते कॅल्शियम ओढून घेतं, लघवीवाटे बाहेर टाकतं, आणि नळ्या मोकळ्या होतात. मी औषधाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, डॉक्टर, या औषधाची पोती आहेत माझ्याकडे! त्यांना ते फारसं आवडलं नाही.

मला मात्र जग जिंकल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी लोकांच्या बॉयलरला जे देत होतो तेच मला मिळणार. घरी येऊन मी बायकोला कागदावर आकृती काढून दाखवली. तिनं ती शांतपणे बघितली आणि विचारलं की मग शेडमधूनच एक पोतं का आणत नाही, जाण्या-येण्याचं पेट्रोल तरी वाचेल. मी म्हटलं, तुला विज्ञानातलं काय कळतं. हे वाक्य तिनं जपून ठेवलंय आणि आजतागायत वापरते.

तीस बाटल्यांचा कोर्स. आठवड्याला दोन. एका हॉलमध्ये दहा-बारा आरामखुर्च्या, प्रत्येकीत एक माणूस, प्रत्येकाच्या हाताला सलाइन, तीन-तीन तास. औषध शिरेत शिरलं की कोपरापर्यंत आग व्हायची, मिरची कापलेला हात डोळ्याला लागावा तशी. माझ्या शेजारचा कुरकुरायचा. मी त्याला धीर द्यायचो की आग होतेय म्हणजे काम चाललंय, नळ्यांत रसायन टाकल्यावर फेस येतो तसंच हे. तासाभरात सगळ्यांना लघवीला लागायचं. मग आपापला सलाइनचा स्टँड ढकलत म्हाताऱ्यांची रांग संडासाबाहेर उभी. मागचा म्हणायचा, अण्णा, लवकर. आतला म्हणायचा, माझ्या हातात आहे का ते? मला तर मजाच वाटायची. लघवी जास्त म्हणजे क्षार जास्त निघतोय.

तिसऱ्या बाटलीनंतर मेट्रोच्या जिन्यावर माझ्या पोटरीत असा गोळा आला की मी कठड्याला मिठी मारून उभा राहिलो आणि एका पोलिसानं मला दारू प्यायलाय का विचारलं. पाचवीनंतर ओठांना मुंग्या आल्या. समोर इडली होती, ती तोंडात गेली की गालाला लागली ते कळेना. मळमळायचं, डोकं दुखायचं, एकदा अंगात बारीक तापही आला. प्रत्येक वेळी मऊ आवाजात सांगण्यात आलं की शरीरातली घाण बाहेर पडताना असं होतंच. मी मान डोलवायचो. माझं एखादं गिऱ्हाईक म्हणालं असतं की तुमच्या रसायनानंतर पाइप कण्हतोय, तर मी धावत जाऊन पंप बंद केला असता. स्वतःच्या बाबतीत मी छाती पुढे काढून हिंडत होतो. अडथळ्यांसकट.

आता अक्काबद्दल. अक्का माझी थोरली बहीण, तेव्हा एकाहत्तरची. ती लग्न होऊन बेळगावहून इथे बंगळूरला आली, शिवाजीनगरात तिच्या नवऱ्याचं गाद्यांचं दुकान होतं, आणि मी गावात उनाडक्या करतोय हे कळल्यावर तिनंच मला बोलावून धंद्याला लावलं. दाजी गेले, दुकान भाच्यानं चालवायला घेतलं, ती दुकानावरच्या खोलीत राहते. मराठी बोलता बोलता कानडीत शिरते आणि मला अजून तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा. साखर तिला पंधरा वर्षांपासून. पाय संध्याकाळी सुजतात. पायाला काय झालं विचारलं की म्हणते, वय झालं.

माझी आठवी बाटली झाली त्या रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली होती. मी तिला आकृती काढून दाखवली. ती म्हणाली, सरी, म्हणजे बरं, मीपण येते. माझेपण पाय दुखतात, त्यांच्यापण नळ्या धुऊन निघतील. बायकोनं भाताचं भांडं जरा आवाज करून ठेवलं. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली की तुमचं तुम्ही काय करायचं ते करा, त्यांना यात ओढू नका. मी ऐकलं नाही. खरं म्हणजे मला आनंद झाला होता. घरात एक तरी माणूस माझ्यावर विश्वास ठेवणारं निघालं.

सेंटरमध्ये एक फॉर्म होता. अक्काला चष्म्यातूनही बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी भरला. वय, वजन, साखर आहे का. किडनीचा काही त्रास आहे का, असाही एक प्रश्न होता. मी ‘नाही’ लिहिलं. मला माहीत नव्हतं, तिला माहीत नव्हतं, कुणी तपासलं नव्हतं, तरी मी ‘नाही’ लिहिलं. रक्ताचा रिपोर्ट पुढच्या वेळी आणा म्हणाले, आणि पुढच्या वेळी कुणी मागितला नाही. आता माझ्या धंद्यातला पहिला नियम ऐका. पाणी तपासल्याशिवाय आणि नळी कोणत्या धातूची ते बघितल्याशिवाय मी कुणाच्या बॉयलरला चमचाभर रसायन लावत नाही. शिवाय टाकीत त्याच धातूचा एक तुकडा दोरीला बांधून सोडतो आणि मधून मधून काढून त्याचं वजन करतो, क्षाराबरोबर चांगला धातूही झिजतोय का ते कळावं म्हणून. परक्या माणसाच्या लोखंडासाठी एवढं करणारा मी, बहिणीचा फॉर्म उभ्या उभ्या भरून मोकळा झालो.

अक्का माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायची. पायाखाली स्वतःच्या दुकानातली छोटी उशी. आग झाली तरी तोंडातून चकार शब्द नाही. बोलायची मात्र अखंड, आणि विषय एकच. त्यांच्या गल्लीत कुणाकुणाची बायपास झाली. शिलाईवाल्याची झाली, आता तो तीन जिने चढतो. अंडेवाल्याची झाली, त्यानं परत लग्न केलं. मशिदीमागच्या म्हातारीची झाली, ती आता सुनेशी पूर्वीपेक्षा जोरात भांडते. अख्खा हॉल ऐकायचा. एकदा मऊ आवाजाचे डॉक्टर स्वतः येऊन म्हणाले की अम्मा, इथे ऑपरेशनच्या गोष्टी नका करू. अक्का म्हणाली बरं, आणि पानवाल्याच्या बायपासची गोष्ट सुरू केली. मला वाटायचं, बाईमाणूस, वेळ घालवतेय.

तिची सहावी बाटली. त्या दिवशी दुपारी मला होसकोट्याला पोचायचं होतं, कारखान्यानं बॉयलर थंड करून ठेवला होता. डॉक्टर आले नव्हते, एकटी सिस्टर होती. मी तिला म्हटलं, आज जरा जोरात सोडा, आमच्या दोघांचंही. ती म्हणाली, डॉक्टर ओरडतील. मी म्हटलं, डॉक्टर कुठायत? आणि मला या औषधातलं कळतं. शेवटी तिनं नळीवरचं चाक फिरवलं. काम लवकर संपवायचं असलं की पंप वाढवायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. अक्काचं वजन माझ्या निम्मं, बाटली मात्र तेवढीच, हेही मी पाहिलं नाही.

पाऊण तास झाला असेल. अक्का अंडेवाल्यावर होती. बोलता बोलता थांबली. म्हणाली तोंडाला मुंग्या येतायत. मी म्हटलं, येतात, मलाही येतात. मग तिचा आवाज जड झाला. मी वळून बघितलं तर तिच्या मोकळ्या हाताची बोटं एकत्र येऊन ताठ झाली होती, रांगोळीची चिमूट धरावी तशी. तिला ती उघडता येत नव्हती. ती दुसऱ्याच कुणाच्या हाताकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघत होती. सिस्टर म्हणाली काही नाही, स्वल्प वेळानं जाईल.

त्या क्षणी मला कळलं. कुणी समजावून द्यायची गरज नव्हती, कारण मला ते आधीपासूनच माहीत होतं. पावडर कॅल्शियमचा हात धरते. कुठल्या कॅल्शियमचा, हे ती विचारत नाही. रक्तातलं, ज्याच्यावर स्नायू चालतात, हृदय चालतं, तेही ती घेऊन निघाली होती, आणि मी तिला जोरात जा म्हणून सांगितलं होतं. मी माझ्या हातातली सुई ओढून काढली, अक्काच्या नळीवरचं चाक बंद केलं आणि ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. सिस्टर पुढे सांगत होती की मी कानडी, मराठी, हिंदी तिन्ही भाषांत शिव्या दिल्या आणि त्यातल्या बऱ्याच स्वतःलाच होत्या.

व्हॅनमध्ये मागे पिंपं, पुढे अक्का, आणि माझ्या मनगटातून रक्त. इस्पितळ दहा मिनिटांवर होतं. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं काय दिलं होतं विचारलं. मी रसायनाचं नाव सांगितलं, बाटलीचं माप सांगितलं, किती वेळात गेलं ते सांगितलं. तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि मग बघितलंच नाही. छातीला वायरी लावल्या. पडद्यावरची रेघ वेडीवाकडी पळत होती. रक्तदाब खाली गेला होता. तिनं कॅल्शियमचं इंजेक्शन मागवलं आणि ते स्वतःच्या हातानं, हळू, पडद्यावरची नजर न काढता, अक्काच्या शिरेत दिलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. अक्काची चिमूट हळूहळू सुटली.

नंतर त्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. माझं हिंदी ऐकून त्या मराठीत आल्या. नागपूरच्या निघाल्या. तोपर्यंत मी थोडा सावरलो होतो आणि सवयीप्रमाणे शहाणपण पाजळायला लागलो होतो की औषध तसं चांगलं आहे, फक्त वेग चुकला, आमच्या धंद्यात आम्ही हेच वापरतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“काका,” त्या म्हणाल्या, “तुम्ही बॉयलरमध्ये हे टाकता, तेव्हा बॉयलर चालू असतो का?”

मी म्हटलं, नाही, बंद करून, थंड करून.

“मग हृदय चालू होतं ना.”

मग त्यांनी समजावलं. हे औषध खरं तर शिशासारख्या धातूची विषबाधा झाली तर देतात, तेही योग्य प्रकारचं, मोजून, देखरेखीत. हृदयाच्या नळ्यांतला अडथळा म्हणजे आतून बसलेला चुन्याचा थर नव्हे. तो नळीच्या भिंतीतच असतो, आणि त्यात चरबीही असते. तो असा धुऊन निघतो याचा भरवसा नाही. उलट रक्तातलं कॅल्शियम अचानक उतरलं तर माणूस जागच्या जागी जाऊ शकतो, आणि धरलेलं सगळं बाहेर टाकायचं ओझं किडन्यांवर पडतं. तुम्हाला आतापर्यंत काही झालं नाही हे नशीब समजा, म्हणाल्या. मग त्यांनी अक्काचा रक्ताचा रिपोर्ट पुढे केला. साखरेनं किडन्या आधीच अर्ध्या गेल्या होत्या. उरलेल्या अर्ध्यांवर मी सहा बाटल्या ओतल्या होत्या.

अक्का आठ दिवस इस्पितळात होती. पाय फुगले, चेहरा फुगला, लघवी उतरेना. बायको सकाळी डबा घेऊन यायची आणि माझ्याशी एक अक्षर बोलायची नाही. तिनं टोमणा मारावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. सहाव्या दिवशी लघवी सुटली आणि बायकोनं मला पहिलं वाक्य ऐकवलं, की तुम्हाला विज्ञानातलं बरंच कळतं. मला रडू आलं, इतकं बरं वाटलं.

त्या दुपारी अक्का उठून बसली होती. मी तिच्या पायाशी बसून माफी मागायला लागलो. ती मला मधेच तोडत म्हणाली की नाटक करू नको. मी म्हटलं, नाटक नाही, मी सांगितलं म्हणून तू विश्वास ठेवलास आणि बघ काय झालं. यावर ती हसली. सुजलेल्या चेहऱ्यानं, पण चांगली खळखळून हसली.

“तुझ्यावर विश्वास? तम्मा, तुझ्या घरच्या गीझरातून कोमट पाणी येतं. मला काय कळत नाही?”

मग आलीस कशाला, मी विचारलं. तिनं पांघरुणाची घडी नीट केली.

“तुला ऑपरेशनचं सांगायचं होतं. घरी तू ऐकत नाहीस, उठून जातोस. तिथे हाताला नळी असती, तीन तास जाशील कुठे? पण आधी जाऊन विचारलं, तर दारावरच्या पोरीनं सांगितलं, आत फक्त पेशंटला बसू देतात. मग झाले पेशंट.”

शिलाईवाला, अंडेवाला, पानवाला, मशिदीमागची म्हातारी. सहा दिवस ती हात भाजून घेत मला एकच गोष्ट सांगत होती, आणि मी घड्याळ बघत होतो.

“आता तरी करून घेशील?” तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. त्याच इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर जाऊन मी सही केली. दीड महिन्यानं, आधी माझं रक्त नीट तपासून, माझी बायपास झाली. हाड कापतात, दुखतं, खोकला आला की ब्रह्मांड आठवतं, पण सहन होतं. आता मी शेडचा जिना न थांबता चढतो.

अक्काच्या किडन्या होत्या तितक्याही परत आल्या नाहीत. ती बिनमिठाचं जेवते आणि माझ्या बायकोच्या हाताला चव नाही म्हणते. डायलिसिस अजून लागलेलं नाही. कधी लागेल, हे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. दर महिन्याला तिच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला मीच जातो. शिवाजीनगरला तिच्या खोलीवर तो नेण्याआधी दुकानाशेजारच्या जिन्यात उभा राहतो आणि आधी एकटा वाचतो.